मुंबईला जाताना अहवाल नव्हे, ब्लॉक न्या: मावशीच्या फेरतपासणीचा अनुभव

मावशीच्या स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीचा जिल्ह्याच्या गावी मिळालेला अहवाल असा होता: ईआर आणि पीआर (गाठीतले संप्रेरकांचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) 2+. खाली बारीक अक्षरात 'फिश करून घ्यावी', म्हणजे हर-टूची जनुकावरची चाचणी. ती चाचणी गावात होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, म्हणून तो विषय कुणी काढलाच नाही. शस्त्रक्रियेची तारीख मात्र ठरलेली. गावोगावच्या उपचारांतला फरक पुष्कळदा इथूनच सुरू होतो, पहिलं औषध लिहिण्याच्याही आधी.

हर-टू 0 किंवा 1+ आलं तर निगेटिव्ह, 3+ आलं तर पॉझिटिव्ह. 2+ म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. पॉझिटिव्ह निघालं तर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध लागतं, आणि गाठ मोठी किंवा काखेत पसरलेली असेल तर बहुधा आधी केमो, मग शस्त्रक्रिया. उपचारांचा क्रमच फिरतो.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचा अहवाल ग्राह्य धरून पुढे जात नाहीत, तिथले पॅथॉलॉजिस्ट नमुना स्वतः तपासतात. त्यामुळे निघण्याआधी लॅबकडे लेखी अर्ज दिला, सोबत अहवालाची प्रत आणि मावशीचं ओळखपत्र. पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, मागायचे आणि सगळ्या स्लाइडही, आयएचसीच्या (ईआर, पीआर, हर-टू दाखवणाऱ्या रंगचाचणीच्या) धरून. ब्लॉकवरचा क्रमांक अहवालाशी तिथेच खिडकीपाशी जुळवून घ्या. चुकीचा ब्लॉक घेऊन परळ गाठण्यासारखा मनस्ताप नाही. ब्लॉक मेणाचे असतात, मराठवाड्याच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका. स्लाइड कागदाच्या पुडीत नको, डबीत.

फेरतपासणीत निकाल बदलतो त्यामागे अनेकदा फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रावण, असतं. तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत तो 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रावणात बुडायला हवा, आणि 6 ते 72 तास राहायला हवा. शनिवारी काढून सोमवारपर्यंत सलाइनमध्ये पडलेला तुकडा ईआर खोटं निगेटिव्ह दाखवू शकतो. असा ब्लॉक कितीही मोठ्या रुग्णालयात नेला तरी सुधारत नाही, बायोप्सीच पुन्हा करावी लागते. नुसती बारीक सुईची एफएनएसी (फक्त पेशी ओढून घेणारी) झाली असेल तर कोअर बायोप्सी मागा, म्हणजे जाड सुईने तुकडा काढणारी. आणि बायोप्सीआधीच 'गाठ काढून टाकू' म्हणणाऱ्या सर्जनला थांबवा.

मावशीची फिश पॉझिटिव्ह आली. मग सगळे उपचार परळलाच घ्यायचा हट्ट आम्ही धरला नाही. औषधं, मात्रा आणि क्रम लेखी घेतला, आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातलं जवळचं रुग्णालय निवडलं. 2012 साली सुरू झालेल्या या जाळ्यात आता 300 हून अधिक संस्था आहेत, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं सामायिक आहेत. तरी तिथेही विचारावं लागतं: ट्रास्टुझुमॅब वजनावर मोजता का? दर तीन आठवड्यांच्या पद्धतीत पहिला डोस किलोला 8 मिलिग्रॅम, पुढचे 6, एकूण वर्षभर. सुरू करण्याआधी आणि मग दर तीन महिन्यांनी हृदयाची टूडी इको. इको मागेपुढे ढकलणाऱ्या ठिकाणी मी तरी उपचार घेणार नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या पूर्वमंजुरीसाठी रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा अहवाल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, द्यायचा. अहवालाची नवी, फेरतपासणीची प्रत द्या, जुनी नव्हे. रेल्वेच्या सवलतीचं प्रमाणपत्र डॉक्टरांकडून ठरलेल्या नमुन्यात घ्या: स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला 100 टक्के, सोबत्याला 75 टक्के.