जाणारच आहात, मग अजून राबता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तशी तुम्ही सगळ्यांनीच विचारणा केली आहे. कुणी कुंपणापलीकडून, कुणी फोनवर, कुणी दुधासाठी चरवी पुढे करता करता, आणि माझ्या सख्ख्या बहिणीने तर दर खेपेला नव्या शब्दांत. जमिनीचा व्यवहार झाला, निघायचं ठरलं, सामान बांधायला काढलं, तरी तुझी खुरपणी चालूच? खताचा ढीग पालटणं चालूच? आणि वर म्हणे ताग पेरलास! कुणासाठी?

आम्ही का निघालोय ते तुम्हाला ठाऊक आहे. नवऱ्याची पाठ आता वाकत नाही आणि माझ्या एकटीच्या हातून हे निभत नाही. तो विषय आमच्यापुरता बोलून, रडून झालाय. मला सांगायचंय ते या मधल्या दिवसांबद्दल, कारण त्यांच्याबद्दल तुमची समजूत काही वेगळीच आहे.

तुम्हाला वाटतं, शेत म्हणजे दुकान. शटर ओढलं, किल्ली दिली, झालं. शेताला शटर नसतं. दुभत्या शेळीची धार आज मनात आलं म्हणून आज बंद करता येत नाही. दूध साठलं की कास तटते, दगडासारखी होते, कासदाह होतो. आटवायची तर खुराक कमी करत, दोन धारांमधलं अंतर वाढवत, सावकाश आटवावी लागते. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की २१ दिवस बसणार. गाडी कधी येणार हे तिला विचारून ठरलेलं नाही.

मधमाश्यांचं तर त्याहून नाजूक. पेटी अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाला नेली, तर बाहेर चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागेवरच परत येतात आणि तिथेच घिरट्या घालत राहतात. त्यांच्या डोक्यात पेटी नसते, जागा असते. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं, ते माश्यांचा नाच उलगडून दाखवल्याबद्दल. फुलोरा कुठल्या दिशेला आणि किती लांब आहे, हे माशी नाचून दाखवते. दिशा सूर्यावरून आणि अंतर पेटीपासून. सगळा हिशोब पेटीपासून सुरू होतो, म्हणून पेटी हलवायची तर रात्री, सगळ्या आत आल्यावर, आणि चांगली पाच-सहा किलोमीटर पलीकडे, त्यांच्या ओळखीच्या रानाबाहेर. माझ्या पेट्या सगळ्यांत शेवटी हलणार आहेत. तोवर बांधावरच्या फुलझाडांना मी पाणी घालतेय, याचं तुम्हाला नवल वाटतं. माश्यांनी तोवर खायचं काय?

सकाळ अजून पूर्वीसारखीच जाते. धार, खुराडं, वाफ्यांना पाणी. बदललीय ती दुपार. दुपारी आम्ही दोघं ओसरीवर बसून वस्तूंचे ढीग करतो: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. भांडी कागदात गुंडाळणं सोपं आहे. अवघड आहे ते खुरपं. त्याची मूठ माझ्या अंगठ्याजवळ झिजून खोलगट झालीय. दुसऱ्या कुणी धरलं तर हातात नीट बसतसुद्धा नाही. जिथे चाललोय तिथे जमीन नाही, एक अरुंद गॅलरी आहे. रोज ते ‘द्यायचं’मध्ये जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते उचलून वाफ्यात जाते, कारण तण काढायला दुसरं आहे कुठे?

आता आधीच्या माझ्याबद्दल बोलते, कारण तुमच्याइतकंच मला तिलाही उत्तर द्यायचंय. निर्णय झाला त्या आठवड्यात मी वहीत लिहून काढलं होतं: यापुढे नवीन काही पेरायचं नाही, शेळ्या एकदम द्यायच्या, वाफे जसे आहेत तसे सोडायचे. बाई शहाणी होती. जे सोडायचंच आहे त्यात जीव गुंतवू नये, एवढं साधं गणित होतं तिचं, आणि आजही ते मला खोडता येत नाही. पण पीक निघालेल्या त्या मोकळ्या तुकड्याकडे बघून पहिला मोठा पाऊस आला, आणि उताराकडून गढूळ पाणी बांध ओलांडून जाताना दिसलं. ते पाणी नव्हतं, माझी माती होती. वापसा येताच मी ताग फेकला.

तागाचं गणित वेगळं असतं. तो खायचा नाही, विकायचा नाही. फुलावर येताना, खोड कोवळं असताना, जमिनीत गाडायचा. मागच्या आठवड्यात एक रोप उपटलं, मुळावरची गाठ नखाने फोडली. आतून गुलाबी निघाली. म्हणजे गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरताहेत. हिरवट किंवा राखाडी निघाली असती तर काम बंद. आता हा नत्र पुढच्या पिकाच्या वाट्याला जाणार, आणि ते पीक मी घेणार नाही. आधीची मी म्हणते, ‘हे तू तुझ्या नावासाठी करतेयस. पुढच्याने म्हणावं, काय माती राखलीय बाईने!’ असेल. थोडं तेही असेल. मी नाकारत नाही. पण माती वाहून जाताना हात बांधून उभं राहायचं, आणि त्याला शहाणपण म्हणायचं, हे मला तिने शिकवू नये.

आणि माझी शेळी कबरी. तिच्याबद्दल तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

कबरीचा विसार मी घेतला होता. गाभण होती, म्हणून घेणाऱ्या ताई म्हणाल्या, विऊ दे तुमच्याकडेच, मग नेते. शेळीचे दिवस पाच महिन्यांच्या आसपास भरतात, त्या हिशोबाने अजून थोडा वेळ होता. त्या रात्री ती गोठ्यात पाय आपटायला लागली, उठबस करायला लागली. पाण्याची पिशवी फुटली, कळा सुरू झाल्या, आणि पुढे काहीच सरकेना. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर नाक दिसत होतं आणि एकच खूर. करडू सरळ येतं तेव्हा पुढचे दोन्ही पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक असं येतं. इथे एक पाय मागे राहिला होता, खांद्यापासून मुडपलेला. ती जितकी जोर लावत होती तितकं ते अडकत होतं.

डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या कुठल्या गोठ्यात होते, पोचायला पहाट होणार होती. मी नखं कापली, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, तेल चोळलं. नवऱ्याला खाली बसता येत नाही, तो भिंतीला टेकून उभा राहिला, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हाताने तिचं डोकं मांडीशी धरलेलं. कळ ओसरली की डोकं आत ढकलायचं, कळ आली की थांबायचं. आत हाताला काही दिसत नाही, सगळं बोटांनी ओळखावं लागतं: ही मान, हा खांदा, हा कोपर. खूर सापडला तेव्हा तो तळव्यात झाकून घेतला, कारण उघडा खूर ओढला तर गर्भपिशवी फाटू शकते, आणि हळूहळू पुढे आणला. कबरी ओरडत होती. शेळी वेदनेने ओरडते तेव्हा तो आवाज माणसाचाच वाटतो.

करडू बाहेर आलं ते लुळं. नाकातोंडातला चिकटा काढला, पोत्याने घासलं, नाकात काडी घातली, उलटं धरून झटकलं, पुन्हा घासलं. पाट होती, म्हणजे मादी करडू. कपाळावर आईसारखाच पांढरा ठिपका. अंग अजून गरम होतं, म्हणून मी थांबत नव्हते. शेवटी नवरा म्हणाला, ‘बस कर गं आता.’ आणि मग जरा वेळाने, त्याच अंधारात म्हणाला, ‘ही कुणाची गेली? आपली की त्यांची?’

त्याने वाईट मनाने विचारलं नव्हतं. पण मला इतका राग आला की मी त्याच्याकडे बघितलंही नाही. ज्या हाताने मी अर्धा तास आत तिचा पाय शोधत होते, त्या हाताला विसार माहीत नव्हता. तेवढ्यात पुन्हा कळ आली आणि दुसरं करडू मागच्या पायांनी, अलगद, कुणाच्या मदतीवाचून बाहेर पडलं आणि शिंकलं.

मग रडायला वेळ कुठला? नाळेला टिंक्चर आयोडीन, पोरगं आईच्या तोंडाशी, आणि चीक. शेळीच्या पिल्लाला रोगाशी लढायची ताकद पोटात असताना मिळत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि आतडं ती पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेतं. पहिल्या तासात पाजलेला चीक सगळ्यांत मोलाचा. सडाला तोंड लावून दिलं, ते घसरलं, पुन्हा लावलं. ते चुटूचुटू प्यायला लागलं आणि शेपटी हलवायला लागलं तेव्हा कुठे मी खाली बसले. त्या पाटीला पहाटे बांधाच्या कडेला पुरलं.

सकाळी ताईंना फोन करून घडलं ते सांगितलं आणि म्हटलं, पैसे कमी करा किंवा विसार परत घ्या. त्या आधी म्हणाल्या, ‘दुसऱ्याने चीक घेतला का? वार पडली का?’ पैशांचं नंतर, फार नंतर बोलल्या. काही दिवसांनी गाडी घेऊन आल्या. मला वाटत होतं कबरी अडेल. ती पाल्याच्या पेंढीमागे सरळ फळीवरून चढली, करडू मागोमाग.

हे सांगितलं की तुमचा दुसरा प्रश्न तयार असतो: एवढा जीव आहे तर जाता कशाला? जणू जीव आहे म्हणून पाठ बरी होते. जीवही आहे आणि जायचंही आहे. यातलं एक खोटं पाडल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, आणि मला त्याचाच कंटाळा आलाय.

खताचा ढीग पालटताना परवा गांडुळांचा गुंता हाताला लागला आणि डार्विनची आठवण झाली. १८४२ साली तो इंग्लंडातल्या डाउन गावच्या घरी राहायला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने जवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरून ठेवले. खणून पाहिलं ते १८७१ साली. २९ वर्षांत गांडुळांनी खालची माती वर आणून आणून ते तुकडे सात इंच खाली घातले होते. पूर्वी हे वाचताना मला त्याच्या धीराचं कौतुक वाटायचं. आता पहिल्यांदा दुसरं दिसतं: तो त्याच घरात राहिला. पसरणारा आणि खणून बघणारा एकच माणूस होता. मला ते मिळणार नाही. गांडुळांचं मात्र त्यावाचून काही अडत नाही, असं मी स्वतःला सांगते, आणि ते पुरेसं वाटतं असं नाही.

नवे मालक इथे काय करणार, हे मी विचारलेलं नाही. बहीण म्हणते, विचार एकदाचं. ते म्हणाले की इथे गोदाम बांधायचंय, तर तू तरी मोकळी होशील. होईन? त्या उत्तरानंतर मी ताग गाडणार नाही का? सकाळी वाटतं, तरीही गाडेन. रात्री पाठ-कंबर एक झाली की वाटतं, बहिणीचं बरोबर आहे. म्हणून विचारलेलं नाही.

ताग आता कळ्यांवर आलाय. आठवड्याभरात गाडायला हवा, खोड जून झालं की लवकर कुजत नाही. पॉवर टिलर भाड्याने मिळतोय, पण तो धरायला दणकट माणूस लागतो. नवऱ्याला ते आता जमणार नाही आणि माझ्याने तो वळत नाही. तुमच्यापैकी कुणाला एक सकाळ देता येत असेल, तर कळवा.