माझं छोटं लिस्प, सहावी नोंद: हरवलेले रूट

मी सीमध्ये लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेचा छोटा इंटरप्रिटर लिहितोय. मागच्या नोंदीत त्याचं मार्क-स्वीप (वापरातल्या सेलवर, म्हणजे मेमरीच्या तुकड्यांवर, खूण करून बाकीचे मोकळे करणारा कलेक्टर) चालू झालं असं लिहिलं होतं. चालू झालं होतं, पण एक चूक आत राहिली होती. हीप (सेल जिथून मिळतात ती मेमरी) भरत आला की (१ २ ३) ही यादी मधूनच (३ २ ३) अशी छापून यायची. छोट्या प्रोग्रॅममध्ये कधीच नाही, म्हणून तीन रविवार गेले.

कारण असं. कॉन्स करताना (दोन किमतींची जोडी बनवताना; यादी अशाच जोड्यांची असते) आधी डावी बाजू इव्हॅल्युएट होते, मग उजवी. तोवर डावीकडचं उत्तर फक्त सी फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलमध्ये असतं. उजवीकडे मेमरी संपली, कलेक्टर धावला, ग्लोबल एन्व्हायर्नमेंटपासून (नावं आणि त्यांच्या किमतींच्या नोंदीपासून) निघून सगळीकडे फिरला. पण त्या लोकलपर्यंत जायला त्याला वाटच नव्हती. सेल फ्री लिस्टमध्ये (मोकळ्या सेलच्या यादीत) गेला आणि लगेच दुसऱ्या कुणाला मिळाला.

लिस्प बनवणारे जॉन मॅकार्थी यांचा १९६० चा लेख पुन्हा वाचला. आयबीएम ७०४ या संगणकावर त्यांचा कलेक्टर ठरावीक बेस रजिस्टरांपासून निघायचा, पोचता येईल त्या प्रत्येक शब्दाचं चिन्ह उणे करायचा, आणि मग मेमरी चाळून उरलेले शब्द फ्री लिस्टला जोडायचा. माझ्याकडे त्या चिन्हाच्या जागी सेलच्या टॅगमधला (प्रकार सांगणाऱ्या भागातला) एक बिट आहे, तो भाग बरोबरच होता. 'ठरावीक' या शब्दाकडे मात्र मी लक्ष दिलं नव्हतं. माझे निघायचे बिंदू, म्हणजे रूट, सीच्या स्टॅकवर (चालू फंक्शनांचे लोकल राहतात तिथे) विखुरलेले आहेत.

आता वेगळा रूट स्टॅक केलाय. अलोकेशनच्या (नवा सेल मागण्याच्या) पलीकडे जगायला हवा असलेला प्रत्येक लोकल त्यावर चढवायचा, फंक्शन संपताना उतरवायचा. म्हणजे हातानं फ्री करणं टाळायला कलेक्टर लिहिला आणि आतल्या बाजूला हाताचाच हिशेब आला! मला हा हिशेब मनापासून आवडतो. कोणती किंमत कुठवर जिवंत आहे हे प्रत्येक ओळीला विचारावं लागतं. एक जागा सांभाळा: एरर आल्यावर लाँगजंपनं (मधली फंक्शनं सोडून थेट सेटजंपच्या जागी परत नेणाऱ्या सीच्या उडीनं) बाहेर पडलात तर उतरवायच्या ओळी चालतच नाहीत. सेटजंपच्या वेळीच रूट स्टॅकची उंची नोंदवून ठेवा.

चूक पकडून दिली ती स्ट्रेस मोडनं. प्रत्येक अलोकेशनला कलेक्टर चालवायचा, सोडलेल्या सेलमध्ये खोटा टॅग भरायचा आणि तो सेल फ्री लिस्टच्या शेवटी टाकायचा, म्हणजे तो लगेच वापरात येऊन पुरावा पुसला जात नाही. सेकंदाभराच्या चाचण्यांना चार मिनिटं लागली, पण आणखी पाच विसरलेले रूट सापडले.

राहिलंय ते मार्किंगचं रिकर्शन (खूण करणारं फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं ते). हीप १० लाख सेलचा (प्रत्येकी २४ बाइट) करून ४ लाख आकड्यांची यादी बनवली आणि लिनक्सचा ८ एमबीचा स्टॅक फुटला. सीडीआरच्या (जोडीतल्या उजव्या) दिशेला लूप लावल्यावर ती यादी निभावली. सीएआरच्या (डाव्या) बाजूनं खोल गेलेली रचना अजून पाडते. पुढच्या रविवारी शॉर आणि वेट यांची १९६७ ची पॉइंटर उलटवण्याची पद्धत (परतीची वाट स्टॅकऐवजी सेलमध्येच ठेवणारी) लावून बघतो. कुणी सीमध्ये केली असेल तर परतीच्या वाटेवर कोणता पॉइंटर उलटा आहे याची खूण कुठे ठेवलीत, ते सांगा.