आठ महिन्यांचा रियाज आणि एक गंधार

मंडळी, रियाजाची वही आज पहिल्या पानापासून वाचून काढली. आठ महिने झाले. वय बेचाळीस, गाणं कधी शिकलेलो नाही, आणि शाळेत समूहगीताच्या वेळी "तू नुसते ओठ हलव" अशी सूचना मिळालेला मी. वहीत गोंधळ बराच आहे. पण माझ्यासारखं उशिरा सुरू करणारं आणखी कुणी असेल, म्हणून जरा नीट लावून लिहितोय. तयार गळ्याच्या लोकांनी हसून घ्यावं.

नियम दोनच ठेवले होते. रोज वीस मिनिटं बसायचं, आणि दर रविवारी तीच एक चाल, त्याच फोनवर, तेवढ्याच अंतरावरून रेकॉर्ड करायची. पहिला नियम मोडला ते मोजायला नको. दुसरा एकदाच मोडला, त्याचं कारण पुढे येईलच.

पहिला रविवार

वहीत चारच शब्द आहेत: "नाकात. पातळ. आणि बेसूर." रेकॉर्डिंग ऐकून दोन दिवस बसलोच नाही. नंतर शांतपणे विचार केला. आपण बोलतो-गातो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, आणि हाडं खालच्या कंपनांना जास्त उचलून धरतात. म्हणून स्वतःचा आवाज स्वतःला भरदार वाटतो. फोनला हाडं नाहीत. म्हणजे 'पातळ' ही तक्रार बाद. जगाने माझा आवाज आजवर असाच ऐकलेला आहे आणि कुणी घर सोडून गेलेलं नाही. 'नाकात' तपासायची सोपी युक्ती आहे: लांब आकार, म्हणजे नुसता 'आ', लावायचा आणि मध्येच नाक चिमटीत धरायचं. आवाज बदलला तर हवा नाकातून निसटतेय. माझा बदलला नाही. उरलं 'बेसूर', आणि ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

दुसरा ते सहावा आठवडा

ही पानं वाचताना आज लाज वाटते. आवडत्या गाण्यांची रेकॉर्डिंग लावायची आणि त्यांच्या बरोबरीने गायचं, हाच माझा रियाज. मूळ गायकाची पट्टी, म्हणजे पेटीवरची (हार्मोनियमवरची) जी पट्टी सा मानून तो गातो ती, काळी तीन, म्हणून माझीही काळी तीन! तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, पोचताना हनुवटी वर, मानेच्या शिरा टरारलेल्या. मुलगी दारातून डोकावून म्हणाली, "बाबा, तू भांडतोयस का कुणाशी?"

हिशेब नंतर समजला. काळी तीनचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला १८५ कंपनं, आणि तार षड्ज म्हणजे ३७०. स्वरतंतू सेकंदाला तितक्या वेळा एकमेकांवर आपटतात. पुरुषांचे स्वरतंतू जेमतेम दोन सेंटीमीटरच्या आसपास लांब असतात. त्या चिमुकल्या पट्ट्यांना मी खालून जोराने हवा मारत होतो आणि वरून गळा आवळत होतो. पाचव्या आठवड्यात आवाज बसला. नुसता घोगरा नाही, बोलणंच बंद. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सूज आहे, गप्प बसा, कुजबुजूही नका आणि खाकरू नका. खाकरू नका हे सगळ्यात अवघड गेलं. खाकरणं म्हणजे तंतू एकमेकांवर घासणं. त्याने जरा बरं वाटतं, पण तिथे पुन्हा चिकटा धरतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी आवंढा गिळायचा.

नऊ दिवस गप्प होतो. चुकलेला रविवार तो हाच. घरच्यांनी या काळाबद्दल तक्रार केल्याची नोंद वहीत नाही.

जाता जाता: गायला बसण्याआधी घोटभर पाणी प्यायलं की तंतू ओले होतात असं मला वाटायचं. पाणी अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना ते शिवतही नाही. शिवलं तर ठसका लागतो. तोंड आणि घसा ओला होतो एवढंच. तंतूंपर्यंत ओलावा शरीरातून पोचतो, म्हणून पाणी दिवसभर प्यायचं. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर घरगुती उपायांच्या नादी न लागता कान-नाक-घसावाल्यांकडे जायचंच.

पट्टी खाली आली

ओळखीच्या एका बाईंनी, ज्या स्वतः शिकवतात, मला अर्धा तास दिला. मी आल्या आल्या गायला सुरुवात करणार, तर त्यांनी थांबवून विचारलं, "बोलून दाखवा की. काय जेवलात?" मी बोलत राहिलो आणि त्या पेटीवर माझ्या बोलण्याचा सूर शोधत राहिल्या. तो सापडला पांढरी एकच्याही खाली. मग त्यांनी मला खाली खाली उतरवत नेलं, जिथे आवाजाची नुसती खरखर उरते तिथवर. मग वर, जिथे गळा आवळायला लागतो तिथवर. खाली मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) स्वच्छ लागला पाहिजे आणि वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत) ओरडल्याशिवाय जाता आलं पाहिजे, त्या बेतानं षड्ज ठरवायचा. माझा ठरला पांढरी एक, म्हणजे काळी तीनपासून तब्बल सहा पट्ट्या खाली.

मला अपमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. खालची पट्टी म्हणजे कमी प्रतीचं गाणं, असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. पण त्या रविवारची फाईल आणि आधीची फाईल पाठोपाठ लावून ऐका: एकीत माणूस जिना चढतोय, दुसरीत गातोय. सुरात गातोय असं नव्हे हं. नुसतं गातोय.

दमसास

यावर फार लिहीत नाही, कारण 'पोटातून गा' या सल्ल्याने माझा महिना वाया घालवला. पोटात आवाज तयार होत नाही. फुप्फुसांखालचा पडदा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. आकुंचन पावला की तो खाली सरकतो, पोट पुढे येतं. गाताना काम उलटं असतं, म्हणजे श्वास हळूहळू सुटू द्यायचा. त्यासाठी फासळ्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. माझा व्यायाम एवढाच: बरगड्यांवर हात ठेवून 'स्स्स' असा बारीक आवाज सोडत राहायचं. पहिल्या दिवशी ११ सेकंद, आता २६. त्याने सूर सुधारला का? नाही. ओळ मध्येच तुटायची थांबली, एवढं झालं.

सर्वात जास्त उपयोगी पडलं ते पेल्यातलं पाणी. पेल्यात थोडं पाणी, त्यात नळी बोटाच्या दोन पेरांइतकी बुडवायची आणि नळीतून 'ऊ' गुणगुणायचं. बुडबुडे येतात. बुडबुडे एकसारखे येत राहिले तर हवा एकसारखी जातेय. मध्येच भसकन आले की मी ढकलतोय. नळीमुळे वरून थोडा उलटा दाब मिळतो आणि तंतू एकमेकांवर कमी जोराने आपटतात. पाच मिनिटं बुडबुडे काढून आकार लावला की तो आपोआप हलका येतो. आवाज बसल्यापासून मी याशिवाय सुरुवात करत नाही. ध्यान विचित्र दिसतं, दार लावून घ्या.

गंधार

आता मुख्य गोष्ट. चौथ्या महिन्यात सूर मोजणारं ॲप घेतलं. स्वर लावला की काटा हलतो आणि किती उतरा, किती चढा ते सेंटमध्ये दाखवतो. एका सप्तकात १२०० सेंट, शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १००. सा ठीक, प ठीक, आणि ग? पहिल्या दिवशी ३५ उतरा. ऐकणाऱ्याला कळेल इतका कणसूर. मला मात्र तो छान वाटत होता, आणि खरा रोग हाच होता. गळा मी म्हणेन ते करत होता. मी म्हणत होतो तेच चुकीचं होतं.

मग गाणं कमी आणि ऐकणं जास्त केलं. तानपुरा लावायचा, पेटीवर ग दाबायचा, पाच सेकंद नुसता ऐकायचा, मग मनात म्हणायचा, मग तोंडाने. मनात म्हणायची पायरी मी आधी गाळत असे. ती घातल्यावर तीन आठवड्यांत ३५ चे २० झाले, मग १५. आणि तिथे गाडी अडकली. पाच आठवडे काटा बारा ते पंधरा उतऱ्यावरून हलेना. वर ढकलून मधोमध आणला की काटा हिरवा, पण रेकॉर्डिंगमध्ये ग टोचल्यासारखा ऐकू यायचा. वहीत त्या आठवड्यात लिहिलंय: "हिरवा ग बेसूर वाटतो. कान गेले बहुधा."

कान गेले नव्हते. ॲपचं माप पेटीचं आहे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे षड्जापासून तिथला शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेत मात्र एक गंधार आपोआप ऐकू येतो, तोच स्वयंभू गंधार. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनातून तो निघतो, आणि आपल्या सप्तकात आणला की षड्जाच्या सव्वापट होतो. त्याची जागा ३८६ सेंटवर. फरक १४ सेंटचा! माझ्या पांढरी एकच्या षड्जाची कंपनं १३०.८, त्याच्या सव्वापट म्हणजे १६३.५. ॲपला हवेत १६४.८. मी पाच आठवडे बरोबर स्वराला चूक समजून वर ढकलत होतो.

त्या संध्याकाळी ॲप बंद केलं आणि तानपुरा नेहमीपेक्षा हळू लावला. डोळे मिटून ग धरला आणि अगदी सावकाश खाली-वर सरकवला. जरा चढा असला की आवाजात एक लहर जाणवते, तानपुरा आणि आपण एकमेकांना धक्के देतोय अशी. ती लहर हळू होत जाते, मग एका जागी थांबते. थांबली की आपला आवाज तानपुऱ्यात बुडतो, क्षणभर ऐकूच येत नाही. मी घाबरून गायचं थांबवलं होतं. मग पुन्हा लावला. त्या दिवशी तासभर दुसरा स्वर म्हटला नाही. बायकोने आतून विचारलं, "अडकलंय का काही?"

ॲप टाकून द्या असं नाही. ३५ उतऱ्याचा माणूस पंधरावर त्यानेच आणला. आणि गिटार किंवा कीबोर्डच्या साथीने गाणाऱ्याने त्यांच्याच मापात राहिलेलं बरं. पण तानपुऱ्याबरोबर बसत असाल तर शेवटचे पंधरा सेंट काट्याला विचारू नका.

फाटणारा आवाज

तार रिषभानंतर, म्हणजे वरच्या रे नंतर, माझा आवाज फाटतो. अजूनही. खालच्या भारी आवाजातून वरच्या हलक्या आवाजात जाताना तंतूंना आखूड-जाड राहण्याऐवजी लांब-पातळ व्हावं लागतं, आणि मी भार सोडायला तयार नसतो. ओठ फुर्रर्र करत मींड घेऊन (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत) वर-खाली जातो तेव्हा सांधा कळत नाही. 'ऊ'वर थोडा कळतो. आकारात धडाम. दोन महिन्यांत प्रगती एवढीच की पूर्वी फाटेल या भीतीने आवाज वाढवायचो, आता कमी करतो. आवाज कमी करून फाटला तर घसा तरी दुखत नाही.

सध्या

शब्द आले की सूर जातो, ही नवी डोकेदुखी. तीच ओळ आकारात स्वच्छ, आणि शब्दांत गेली की प्रत्येक 'म' आणि 'न'वर खालून घसरत वर येतो. सध्या ओळीतली व्यंजनं काढून नुसते स्वर गातो, मग एकेक व्यंजन परत घालतो. कंटाळवाणं आहे, पण चालतंय.

एक चाचणी मात्र दर महिन्याला करतो. तानपुऱ्यावर सा घ्यायचा, तानपुरा बंद करायचा, पूर्ण चाल चार मिनिटं एकट्याने गायची, आणि शेवटचा सा धरून ठेवून तानपुरा पुन्हा सुरू करायचा. पहिल्या महिन्यात माझा सा जवळजवळ अख्खी पट्टी खाली जाऊन बसला होता. चौथ्या महिन्यात अर्धी पट्टी. परवाच्या रविवारी १८ सेंट. घसरण कुठे होते तेही सापडलंय: अंतऱ्यावरून खाली येताना, दम संपत आलेला असताना, मध्यमावरून गंधारावर. या आठवड्यात तेवढीच जागा घोळणार आहे, श्वास एक शब्द आधी घेऊन. रविवारी आकडा कळवतो.