वहीबांधणी: एका वहीचा थेट खर्च कसा काढला

जुजबंदीच्या, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे जुडगे दोऱ्याने शिवून बांधलेल्या वह्यांची नवी तुकडी दाबातून बाहेर आली. टाके सारख्या ताणाचे बसलेत, कणा सरळ आहे आणि वही उघडली की सपाट राहते. ओळखीतले लोक आता वह्या विकत मागू लागलेत, म्हणून या तुकडीला पहिल्यापासून जॉब कार्ड, म्हणजे कामाचा खर्च नोंदवायचा तक्ता लावला. एक वही कितीला पडते, ते कागदावर हवं होतं.

आधी कागद. 23×36 इंची ताव, 100 जीएसएम (चौरस मीटरला 100 ग्रॅम). अर्धा ताव तीनदा दुमडला की 16 पृष्ठांचा एक फॉर्म होतो, म्हणजे 160 पृष्ठांच्या वहीला 5 ताव. एका तावाचं वजन साधारण 53.4 ग्रॅम, पाचांचं 267. किलोला 100 रुपये धरले तर कागद पावणेसत्तावीस रुपयांच्या आसपास. डेमी आकाराला, म्हणजे 5.5×8.5 इंचांना कापल्यावर त्यातला जवळपास दहावा हिस्सा कातरण होऊन जातो. पण खर्च पूर्ण 267 ग्रॅमचाच धरायचा, कारण ही घट कामातच आहे, टाळता येत नाही. कातरण रद्दीत विकलं तर ते पैसे सामग्रीच्या खर्चातून वजा करायचे. वहीमागे ते चाळीस पैशांच्या आतच भरतात. खळ सांडून अख्खी वही वाया गेली तर मात्र ती असाधारण घट. तिचा भार उरलेल्या वह्यांवर टाकायचा नाही, ते नुकसान वेगळं दाखवायचं.

अप्पा बळवंत चौकातून कागद आणायचं रिक्षाभाडंही कागदाच्याच खर्चात जातं. जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेला कर परत मिळत नाही, म्हणून तोही त्यातच. उलट, तयार वही ग्राहकाला पाठवायचं कुरियर हा विक्रीचा खर्च. ती वही बांधण्याचा खर्च नव्हे.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो खळ आणि दोऱ्याने. दोन्ही प्रत्येक वहीत जातात, वह्या वाढल्या की खर्चही वाढतो. तरीही मी ते थेट खर्चात धरलेले नाहीत. खर्च वह्यांबरोबर वाढतो का, हा एक प्रश्न. तो अमुक वहीपर्यंत परवडेल अशा मेहनतीत मोजत नेता येतो का, हा दुसरा. थेट खर्च ठरतो तो दुसऱ्या प्रश्नावर. ब्रशवर किती खळ राहिली हे मोजत बसण्यात अर्थ नाही. त्यामुळे खळ, दोरा, सुया, कटरची पाती हे सगळं अप्रत्यक्ष सामग्रीत टाकून तुकडीवर वाटून दिलं. पुठ्ठा, कापड आणि अस्तराचा कागद मात्र थेट, कारण एका तावातून किती नग निघतात हे नेमकं सांगता येतं.

एका ऑर्डरला मुखपृष्ठावर संस्थेचं चिन्ह ठसवून हवं होतं. त्यासाठी पितळी ब्लॉक, म्हणजे ठसा करून घेतला. तो ना सामग्री, ना मजुरी, पण फक्त त्याच ऑर्डरसाठी झालेला खर्च. म्हणजे थेट खर्चाचा तिसरा प्रकार. भारतीय परिव्यय मानकांत (खर्च मोजण्याच्या नियमांत, इंग्रजीत कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड्स, म्हणजे सीएएस) सीएएस 6 सामग्रीसाठी, सीएएस 7 कर्मचारी खर्चासाठी आणि सीएएस 10 या दोहोंबाहेरच्या थेट खर्चांसाठी आहे. ब्लॉक या शेवटच्यात बसतो. तो सगळा त्या ऑर्डरच्या वह्यांवर वाटला, बाकीच्यांवर एक पैसाही नाही.

आता मजुरी. दुमडणं, भोकं पाडणं, शिवणं, कव्हर चढवणं मिळून वहीमागे 50 मिनिटं हात चालू असतो. दाबात वाळण्याचा वेळ यात नाही, तेव्हा मी दुसरं काम करत असतो. तासाला 120 रुपये धरले तर 100 रुपये होतात, कागदाच्या जवळजवळ चौपट! मी स्वतःला पगार देत नाही, त्यामुळे जमाखर्चाच्या वहीत ही रक्कम येणार नाही. किंमत ठरवताना मात्र ती धरायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. आपण हौशी मंडळी हातकाम फुकट धरून विकतो, आणि मग बांधणीवर पोट असलेल्या कारागिराला त्या भावाशी स्पर्धा करावी लागते.

पुढची तुकडी चामड्याच्या कण्याची. चामडं चौरस फुटावर मिळतं आणि त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात. म्हणून कार्डावर दोन रकाने वाढवलेत: विकत घेतलेलं क्षेत्रफळ आणि कण्यात प्रत्यक्ष गेलेलं.