चढ, सडा, खाडी: इलेक्ट्रिक सायकलवरून भाट्ये ते आडिवरे

रत्नागिरीहून दक्षिणेला जाणारा सागरी मार्ग नकाशात किनाऱ्याला बिलगून गेलेला दिसतो. प्रत्यक्षात तो समुद्राच्या पातळीवर फार थोडा वेळ असतो. खाडीवरचा पूल ओलांडला की चढ लागतो, शंभरेक मीटर वर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या दगडाच्या सपाट पठारावर, रस्ता जातो, काही किलोमीटर सपाटीवरून पळतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा खाली उतरतो. भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे. सगळीकडे हीच रीत. मोटारीतून जाताना हे चढउतार जाणवत नाहीत, आणि साध्या सायकलवर त्यांच्याशिवाय दुसरं काही जाणवत नाही. म्हणून आम्ही इलेक्ट्रिक सायकल घ्यायचं ठरवलं.

बरोबर माझे धाकटे मामा होते. वय त्रेसष्ट. त्यांचं बालपण आडिवऱ्याजवळच्या एका वाडीत गेलं, पुढे सगळा जन्म डोंबिवलीत. "गावाला एसटीनं गेलो, होडीनं गेलो, पायी तर कायमच. सायकलनं कधीच नाही," ते म्हणाले. त्यांच्या लहानपणी वाडीत कुणाकडे सायकल नव्हतीच. असती तरी पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, आणि घाट्यांवरून ती खांद्यावर घेऊनच फिरावं लागलं असतं.

रत्नागिरी शहरात एका तरुण मुलाकडे सायकली भाड्याने मिळाल्या. अनामत, आधारकार्डाची प्रत, हेल्मेट, चार्जर. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या सायकलीला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. मागच्या चाकात मोटर, सात गियर, मोटरच्या मदतीच्या पाच पायऱ्या, वजन पंचवीस किलोच्या आतबाहेर. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० वॉट-तास.

मी निघण्याआधी वहीत हिशेब मांडला होता, तो इथे देते, कारण कोकणात ही सायकल चालवायची तर तो उपयोगी पडतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरा. ते १०० मीटर वर चढवायला ३० वॉट-तास लागतात. मोटरमध्ये उष्णतेत जाणारी ऊर्जा धरली तर ४०. सपाटीवर मदत बेताची ठेवली तर किलोमीटरला पाचेक. मुक्कामाच्या कशेळीपर्यंत साधारण ३५ किलोमीटर आणि मोठे चढ तीन-चार. म्हणजे सगळं मोटरवर सोपवलं तर बॅटरी गावाच्या वेशीवर संपणार. पाय मारत राहिलं आणि दुपारी पावसला थोडी चार्ज केली तर आरामात पोहोचणार. या चाकातल्या मोटरी उतारावर वीज परत भरत नाहीत, त्यामुळे उताराचा फायदा फक्त मनाला.

भाट्याच्या पुलावर सकाळी वारा थंड होता. काजळी नदी इथे समुद्राला मिळते; राजिवड्याच्या बाजूला होड्या लागलेल्या, समोर भाट्याची लांब वाळूची पुळण आणि सुरूबन. पुळण संपते तिथे डोंगराच्या पायथ्याशी झरी विनायकाचं देऊळ आहे. देवाचं नावच झऱ्यावरून पडलंय. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि डोंगरातून गोडं पाणी येतंय! मामांनी ओंजळभर पाणी प्यायलं आणि वर बोट दाखवलं. "हे पाणी सड्याचं."

देवळापासून पहिला चढ सुरू झाला. या सायकलीची एक सवय लवकर समजून घ्यावी लागते: पेडल फिरू लागल्यावर अर्ध्या फेऱ्यानंतर मोटर जागी होते, आणि पाय थांबवल्यावरही क्षणभर ढकलत राहते. त्यामुळे अवघड वळणावर बोटं ब्रेकवर हवीत. ब्रेक दाबला की मोटर लगेच बंद होते. चढ दिसला की आधीच हलक्या गियरवर यायचं. उभ्या चढावर जड गियरमध्ये रेटलं तर मोटर तापते आणि बॅटरी भराभर उतरते. मामांना हे तिसऱ्या वळणापर्यंत जमलं. नेहमी मी पुढे आणि ते मागे असं होतं. इथे त्यांनी मदत चारवर ठेवली, मी दोनवर, आणि आम्ही गप्पा मारत शेजारी शेजारी चढलो. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाबरोबर घाटात गप्पा मारत चढता येणं, ही या यंत्राची माझ्या मते सगळ्यात मोठी देणगी.

वर गोळपचा सडा. पाऊस सरून महिने झालेले, गवत पिवळं पडून आडवं झालेलं, मधे मधे काळा उघडा कातळ आणि दगडी गडग्यांच्या आत आंब्याच्या कलमांच्या बागा. काही झाडांना मोहोर आला होता, त्याचा वास रस्त्यावर येत होता. बागेतल्या खोपटाबाहेर एक नेपाळी राखणदार चूल पेटवत होता. आता कोकणातल्या कलमांची राखण बरीचशी हीच माणसं करतात, घरदार दूर ठेवून, फवारणीपासून आंबा उतरेपर्यंत. त्याने हात केला, आम्हीही केला. मोटारीतून हात केलेला दिसतसुद्धा नाही.

मोटरची बारीक घरघर सोडली तर आवाज नाही. त्यामुळे टिटवी उठली की ऐकू यायची, चंडोल वर वर जाऊन गात असायचा तोही. एका वळणावर झाडीतून धनेशाची जोडी पंखांचा आवाज करत आमच्या डोक्यावरून गेली. मामा उतरून उभे राहिले ते ती दिसेनाशी होईपर्यंत.

पावसला उतरलो. स्वामी स्वरूपानंद (१९०३ ते १९७४) यांचं हे गाव. मंदिरात दर्शन घेतलं, दुपारचा खिचडीचा प्रसाद घेतला आणि जवळच्या एका घरगुती खानावळीत चहा मागून सायकली चार्जिंगला लावल्या. खानावळवाल्या काकूंनी आधी प्लगकडे संशयाने बघितलं. अख्खी बॅटरी भरायला अर्धा युनिटही लागत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच दुसरी वायर आणून दिली. पैसे घेईनात. शेवटी कोकम आगळाच्या दोन बाटल्या विकत घेतल्या आणि मामांच्या पिशवीत कोंबल्या.

गणेशगुळ्याला आत वळलो नाही, वेळ नव्हता. "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला," असं इकडे म्हणतात, ते मामांनी फाट्यावर सांगितलं.

पूर्णगड मात्र सोडू नये. गाव डोंगराच्या उतारावर, किल्ला माथ्यावर, खाली मुचकुंदीची खाडी. सायकली खाली ठेवून पाखाडीने चढलो. किल्ला इवलासा आहे. दहा-पंधरा मिनिटांत तटावरून फेरी होते. दरवाजावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. समुद्राकडच्या दर्यादरवाजातून बाहेर पाहिलं की किल्ल्याचं काम काय होतं ते कळतं: खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत इथल्या नजरेखालून जाणार. चिऱ्यांची डागडुजी झाली आहे, तट चांगले आहेत. मामांना किल्ल्यापेक्षा खालचा पूल जास्त बघायचा होता. पूल व्हायच्या आधी इथे माणसं पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, होती. रत्नागिरीला इस्पितळात जायचं तर होडीची वाट बघत काठावर बसायचं, भरतीओहोटीच्या वेळा पाहूनच घर सोडायचं. आजीला असं एकदा रात्री न्यावं लागलं होतं. मामांनी पुलाच्या मध्यावर सायकल थांबवली आणि कुठल्या दगडाशी होडी लागायची ते दाखवलं.

पलीकडे गावखडी. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीपासून इथे अंडी घालायला येतात. गावातली माणसं पहाटे किनारा फिरून अंडी कुंपणाच्या आत हलवतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. आम्ही गेलो तेव्हा कुंपण रिकामं होतं. बघायला मिळालं नाही याचं वाईट वाटलं, पण त्यासाठी वाळूत गाड्या घालणाऱ्यांची चाकं बघून अधिक वाईट वाटलं. सुरूच्या बनातच वाहन ठेवा आणि चालत जा, एवढी विनंती इथे येणाऱ्या प्रत्येकाला आहे.

गावखडीहून कशेळीचा चढ दिवसातला सगळ्यात दमवणारा. ऊन पाठीवर, बॅटरी निम्म्याखाली. मदत दोनवर आणून पाय मारत राहिलो. घाम आला, पण छाती फुटली नाही. संध्याकाळच्या आत कशेळीत एका घरी उतरलो. जेवायला कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. सायकली पडवीत, चार्जर भिंतीला.

कशेळीच्या कनकादित्याचं देऊळ सूर्याचं आहे. आपल्याकडे सूर्याची देवळं थोडी, त्यातलं हे महत्त्वाचं. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इ.स. ११९१ चा ताम्रपट या गावाचा आहे. आख्यायिका अशी, की प्रभासपाटणहून सूर्यमूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथे अडलं, मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली गेली, आणि पुढे कनका नावाच्या स्त्रीला दृष्टान्त होऊन तिने देऊळ बांधवलं. ती घळ म्हणजे देवघळी. सड्याच्या कडेवर उभं राहिलं की खाली काळ्या कड्यांच्या मिठीत एवढीशी पुळण दिसते. सूर्यास्ताला तिथे गर्दी असते, आणि सगळ्यांची पाठ सड्याकडे असते.

मला या प्रवासात बोलायचं आहे ते त्या पाठीमागच्या सड्याबद्दल.

सकाळी कोवळ्या उन्हात गावातल्या एका दादांना बरोबर घेऊन कशेळीचं कातळशिल्प बघायला गेलो. तिरपं ऊन हवं. दुपारी रेषा दिसत नाहीत. सपाट कातळावर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती कोरलेला आहे. इतका मोठा, की उभं राहून तो एका नजरेत येत नाही. सोंडेपासून चालत शेपटीपर्यंत जायचं आणि मनात जुळवायचं. त्याच्या अंगाच्या आत मासे आहेत, पाकट आहेत, पक्षी, जनावरं. अनेक अभ्यासक ही शिल्पं मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवून, गुराख्यांना विचारत, अशी शेकडो चित्रं उजेडात आणली. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळी आहे.

मामा हत्तीच्या पायाशी उकिडवे बसून होते. "आम्ही या सड्यावरून गुरं घेऊन फिरलो. असलं काही असेल हे कुणाच्या मनात आलं नाही," ते म्हणाले.

सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे पोटखराबा लिहिलेलं असतं. पिकत नाही म्हणून खराब. पण हा जांभा जाळीदार आहे. लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, त्यातून तो झाला. चार महिने पडलेला पाऊस तो पोटात घेतो आणि उन्हाळ्यापर्यंत पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना पुरवतो. खालचं आगर, नारळ-पोफळी, आम्ही झरीला प्यायलेलं पाणी, हे सगळं वरच्या कातळाच्या जिवावर. पावसाळा सरताना याच कातळावर तेरडा, गेंद आणि निळ्या सीतेच्या आसवांचे पट्टे फुलतात. आणि याच सड्यावर रस्त्याच्या कडेला चिरेखाणींचे चौकोनी खड्डे दिसले, घरं बुडतील इतके खोल. घर बांधायला चिरा लागतो, माझ्या आजोळचं घरही चिऱ्याचंच आहे. तरी कुठला सडा कापायचा आणि कुठला राखायचा, हे आधी बघून ठरवलं पाहिजे. हत्ती एकदा यंत्राखाली गेला तर तो परत कोरणारं कुणी नाही. रेवस-रेडी सागरी महामार्ग रुंद होतो आहे, वेग वाढणार आहे. माझं म्हणणं इतकंच, की त्याआधी या सड्यांवरून ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने एकदा तरी जावं. त्या वेगात जमीन दिसते.

जाणार असाल तर पाणी दोन-दोन लिटर घ्या, सड्यावर सावली आणि टपरी दोन्ही नाहीत. ब्रेकचे पॅड निघण्याआधी तपासून घ्या, कारण उतार लांब आहेत आणि सायकल जड. रात्री मुक्कामाच्या गावी वीज जाऊ शकते, म्हणून चार्जर पोहोचल्या पोहोचल्या लावा. आणि कातळशिल्पावर चप्पल घालून चढू नका, रेषांत खडू भरू नका.

आडिवरे कशेळीपासून जवळ. महाकालीचं दर्शन घेतलं, लाकडावरचं कोरीवकाम डोळे भरून पाहिलं. बाजारात मामांना त्यांचे शाळेतले एक सोबती भेटले. सायकलकडे बघून पहिला प्रश्न, "काय रे, ह्यात पेट्रोल कुठं घालतोस?" मामांनी त्यांना मोटर, बॅटरी, मदतीच्या पायऱ्या सगळं समजावलं आणि एक फेरी मारायला दिली. ते समोरचा चढ न थांबता चढून गेले, वळून आले आणि उतरता उतरता म्हणाले, "ही आमच्या पोस्टमनला द्यायला हवी. रोज वाड्या वरखाली करून त्याच्या गुडघ्यांचं भुस्काट झालंय." किंमत विचारली, दुरुस्ती कोण करतं ते विचारलं, बॅटरी किती वर्षं टिकते ते विचारलं, आणि दुकानातून कागद-पेन मागून सगळं लिहून घेतलं.