नोंदवही नसलेलं कपाट

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर स्नेहसंमेलन, सहल आणि छडी यांवर लिहिणाऱ्या पुष्कळ जणी निघतील, म्हणून ते मी सोडते. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. आता दर रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीचं अर्पण, म्हणजे लोकांनी दिलेले पैसे, मोजायला बसते. पैसा मोजायला बँकेनं शिकवलं. द्यायला शिकले ते घरी आणि या शाळेत.

घरचं आधी सांगते. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पगार झाला की आई किराण्याच्या यादीला हात लावायच्या आधी दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. एकदा वडिलांनी शंका काढली, दशमांश मूळ पगारावर काढायचा की महागाई भत्ता धरून? आई म्हणाली, "भत्त्याच्या पैशाचं जेवण तुम्ही वेगळं जेवता काय?" विषय मिटला.

पुढे कळत्या वयात वाचलं, तर बायबलच्या नव्या करारात असा टक्का कुणाला बांधून दिलेला नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की ज्यानं त्यानं मनात ठरवलं असेल तसं द्यावं, दुःखी मनानं किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये. येशूनं तर पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशमांश मोजून देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमांवर बोट ठेवणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, न्याय आणि दया सोडल्याबद्दल चांगलंच खडसावलं आहे. तरीही मला आईचा डबा पटतो. आधी बाजूला काढलेलं दिलं जातं. महिनाअखेरीला उरेल त्यातून देऊ म्हणणाऱ्यांची खाती मी बँकेत भरपूर पाहिली आहेत.

शाळेत बायबलच्या तासाला सगळ्या जातीधर्मांच्या मुली बसायच्या. कोल्हापूरजवळच्या करवीर, पन्हाळा, कागल भागातल्या शेतकऱ्यांच्या मुली बोर्डिंगात असायच्या. एकदा आमच्या बाई बायबलमधल्या रूथची गोष्ट सांगत होत्या. मवाब देशातली ही विधवा सासूबरोबर बेथलेहेमात आली, जवाची कापणी चालू होती, आणि पोटासाठी ती परक्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचायला गेली. एवढं ऐकताच मागच्या बाकावरची कागलकडची मुलगी उठली. "बाई, आमच्यातबी शेंगा काढल्यावर बायका सरव्याला जात्यात की!"

"मग रानाचा मालक काय म्हणतो?"

"काय म्हणत न्हाई. पर आधी आमचं आवरू द्या म्हणतो."

वर्ग हसला. बाईंनी मात्र तो धागा सोडला नाही. बायबलमधलं नियमांचं पुस्तक लेवीय काढून वाचून दाखवलं: शेताच्या कोपऱ्यापर्यंत झाडून कापणी करू नका, पडलेली कणसं वेचू नका, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. म्हणजे मालकाच्या मनात दया आली तर, असं नाही. ते सोडणं हा त्याच्यावरचा नियमच. मग त्या रूथ वेचत होती त्या शेताच्या मालकाकडे, बवाजाकडे आल्या. तो आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही कणसं मुद्दाम ओढून खाली टाका, तिला वेचू द्या आणि धमकावू नका. बाईंनी विचारलं, "मुद्दाम टाकायची कशाला? पोतं भरून घरी पाठवलं असतं तर?"

आम्ही काहीबाही उत्तरं दिली. त्याच मुलीनं पुन्हा सांगितलं, "पोतं दिलं असतं तर तिला मान खाली घालून उभं राहायला लागलं असतं. वेचलेलं कष्टाचं म्हणून घरी नेता येतं." (पुढे बवाज तिला सहा मापं जव पदरात घालतोच, पण तोवर गोष्ट लग्नाच्या बोलण्यापर्यंत आली होती.)

त्या बाईंचं कपाट माझ्या बॅचच्या मुलींना आठवत असेल. ग्रंथालयामागच्या खोलीत ते होतं. आखूड झालेले युनिफॉर्म, खाकी कव्हर घातलेली पुस्तकं, अर्ध्या वापरलेल्या वह्या, कंपासपेट्या. कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं. नोंदवही नव्हती, सही नव्हती, कुलूपही नव्हतं. बँकेत लागल्यावर मला याचं फार नवल वाटायचं, कारण तिथे एक पेन उसनं घेतलं तरी लिहून ठेवणारी माणसं होती.

त्या कपाटाची खरी हुशारी जूनमध्ये दिसायची. शाळा सुरू झाली की बाई अख्खा वर्ग रांगेनं त्या खोलीत पाठवायच्या, एका वेळी एक मुलगी, दार लोटून. डॉक्टरची मुलगीही जायची आणि गवंड्याचीही. आत कोण ठेवून आलं आणि कोण घेऊन आलं, हे बाहेर कळायला मार्ग नव्हता, कारण दप्तर सगळ्यांच्याच हातात असायचं. माझा आठवीचा स्कर्ट त्याच कपाटातला. तो कुणाचा होता, ते मला आजही माहीत नाही.

वस्तूंबाबत मात्र बाई कडक होत्या. कपडा धुतलेला हवा, बटणं शिवलेली हवीत. कुणीतरी फाटका ब्लाउज ठेवला, तेव्हा त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर बायबलमधलं मलाखी संदेष्ट्याचं पुस्तक काढलं. आंधळं, लंगडं जनावर देवाला अर्पण करता. तेच आपल्या सुभेदाराला नेऊन देऊन बघा, तो खूश होईल काय? आमची पूरग्रस्तांसाठीची कपडे गोळा करण्याची मोहीम निघते तेव्हा मला हे हमखास आठवतं. काही लोक कपाट रिकामं करायला पुराची वाट बघत असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर म्हटलं की २०१९ आलंच. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, ट्रकांच्या रांगा, आणि आसपासच्या गावांतली माणसं अनोळखी ड्रायव्हरांना भाकऱ्या नेऊन देत होती. त्यांनी मलाखी वाचला नव्हता. ख्रिस्ती माणसानं याचा हेवा करू नये, आनंद मानावा. आमच्यावर मात्र जबाबदारी जास्त, कारण आम्हाला ते दर रविवारी वाचून दाखवलेलं असतं.

आपली शाळा कशी उभी राहिली, तेही विसरायला नको. रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी इलायझा १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, पुढे हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. ते सात समुद्रांपलीकडच्या मंडळ्यांच्या अर्पणावर चालायचं. कोल्हापूर कुठे आहे हे माहीत नसलेल्या किती जणींनी त्यात नाणी टाकली असतील! इकडे शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, त्यांत ख्रिस्ती मुलांचंही होतं. आम्ही दोन्हीकडून घेतलेलं आहे.

आता थोडं वादाचं. महोत्सव समितीत देणगीदारांची संगमरवरी पाटी लावायची सूचना आली, रकमेनुसार वर-खाली नावं. मी विरोध केला. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन ज्या भिंतीवर रंगवलेलं, तिच्यावरच ही पाटी? एका सभासदांनी चर्चमधल्या कापणीच्या सणातल्या लिलावाकडे बोट दाखवलं. तिथे एकच अंडं पुन्हा पुन्हा विकलं जातं, घेणारा ते परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते. मग तिथे कुठे गुप्तता? मुद्दा बिनतोड होता. मी एवढंच म्हटलं की लिलावात सगळे हसत असतात, आणि त्यानंतर अर्पणाची कापडी पिशवी फिरते, तिच्यात मूठ मिटूनच हात जातो. गरीब विधवेनं अर्पणात टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, येशूनं पाहिल्या; तिचं नाव मात्र ही गोष्ट सांगणाऱ्या लूकनं लिहिलेलं नाही.

शेवटी तडजोड झाली: नावं अकारविल्हे, रकमा नाहीत, आणि ज्यांना नको त्यांचं नावही नाही. आमच्या बॅचच्या बऱ्याच जणींनी नाव कळवलेलंच नाही. खजिनदार वैतागून फोन करताहेत, कारण प्राप्तिकराच्या पावतीसाठी त्यांना पॅन लागतो. बायांनो, तेवढा मात्र पाठवा.