रोडग्यांना आठशे, खराट्याला तीस

अश्विन वद्य पंचमीला गुरुकुंज मोझरीत तुकडोजी महाराजांना मौन श्रद्धांजली वाहून माणसं गावोगाव परतली, की आमच्या भागात पुण्यतिथ्यांची रांग लागते. आज या गावची, उद्या त्या गावची, पार संक्रांतीपर्यंत. आमच्या मंडळानं मात्र १८ ते २० डिसेंबर हे तीन दिवस कायमचे धरून ठेवलेत, कारण २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. महाराज यावलीचे, बाबा शेंडगावचे, दोघंही आमच्याच अमरावती जिल्ह्यातले. "दोघाइचं एकाच मांडवात केलं तं मांडवाचे पैसे वाचते," असं दादाजी म्हणायचे. मंडळ उभं करणाऱ्यांपैकी तेवढेच उरले होते, आणि पैसे वाचवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

दादाजींचा एक दंडक होता. फलकावर, पत्रिकेवर, पावतीवर कोणाचंही नाव टाकायचं नाही. काम लिहायचं, माणूस नाही. मी मंडळाचा चिटणीस. माझं किराण्याचं दुकान पाराला लागूनच, त्यामुळं रजिस्टर माझ्याच गल्ल्याखाली पडून असतं. त्यात "पाणी आणलं", "सतरंज्या झटकल्या" अशाच नोंदी. इथंही मी नावं घेणार नाही. ज्याचं त्याला कळेल. ज्याचं सुटेल तो दुकानावर येऊन भांडेलच, तशी इथली रीत आहे.

कलशपूजन, पाहुण्यांचं स्वागत, अध्यक्षांचे दोन शब्द (जे चाळीस मिनिटं चालतात) हे सगळं जगात होतं तसंच आमच्याकडं होतं. पहाटेचं सामुदायिक ध्यान, रामधून, ग्रामगीतेचं वाचन, संध्याकाळची प्रार्थना, रात्री खंजिरी भजन. एकेचाळीस अध्याय तीन दिवसांत बसत नाहीत, म्हणून आम्ही ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य हे दोन अध्याय दरवर्षी घेतोच आणि बाकीचे आलटून पालटून. खंजिरीवाले दोघं भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, बांधाचा वाद आहे. त्या तीन रात्री मात्र एकाची थाप दुसरा उचलतो. एकविसाला पुन्हा अबोला.

खरा दिवस वीस तारखेचा. पहाटे पाचला पाराजवळ जमायचं. थंडी अशी, की खराटा धरलेली बोटं कोणाची हे कळू नये. गाडगेबाबा गावात आले की आधी दिवसभर गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनात माणसांच्या डोक्यातला कचरा काढायचे. आम्ही तोच क्रम धरतो. पार, जिल्हा परिषदेची शाळा, बुद्धविहार, मशिदीमागची गल्ली, शेवटी नाला. बुद्धविहाराच्या बाया आम्ही पोचायच्या आधीच आपली गल्ली झाडून हातावर हात बांधून उभ्या असतात, जणू उशीर आम्हीच केला. मशिदीजवळ चहा असतो, स्टीलच्या गिलासात. एका वर्षी तिथल्या चाचांनी कागदी कप आणले होते. दादाजींनी कप उलटा करून आतलं चकचकीत अस्तर नखानं खरवडलं आणि काही न बोलता खाली ठेवला. दुसऱ्या वर्षीपासून चाचांच्या घरचे गिलास बाहेर आले, आणि ते विसळायला चाचांचा नातू.

आता हजेरीचं बोलतो, कारण माझ्या पोटात हेच दुखतं. रजिस्टरमध्ये वीस तारखेच्या दोन नोंदी असतात. सकाळी खराट्याला तीस, चांगलं वर्ष असलं तर पस्तीस. दुपारी रोडग्यांना, म्हणजे महाप्रसादाच्या पंगतीला, आठशे. कापसाची वेचणी चालू असते, मजूर मिळत नाही, हे मला समजतं. ज्यांच्या घरी वेचणी आहे त्यांना मी कधी बोललो नाही. पण पुण्याहून, नागपुराहून गाड्या घेऊन येणारी आपलीच पोरं बरोबर साडेअकराला उतरतात, कोपऱ्यात टेकवलेला खराटा उचलून फोटो काढतात आणि पंगतीत पहिले बसतात. एकाला मी विचारलं, "काहून रे बाप्पा, सकाळी काहून नाही आला?" तो म्हणे, "काका, टोलवर गर्दी होती." पहाटे पाचला. असो. पुढच्या वर्षी तो रात्रीच आला आणि नाल्यात गुडघाभर उतरला, हेही लिहिलं पाहिजे.

रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, वांग्याची भाजी मोठ्या गंजात, वरण दुसऱ्या गंजात. त्यात कधी बदल झाला नाही. बदलली ती ताटं. माझ्या लहानपणी पळसाच्या पत्रावळी होत्या. फाल्गुनात पळस फुलतो, मग नवी पानं येतात, ती जरा जून झाली की तोडून, काड्यांनी टाचून, वाळवून, दडपून ठेवायची. पुढं थर्माकोल आलं आणि गाव सुटल्यासारखं खूश झालं. ताटं माझ्याच दुकानातून जायची. पंगती उठल्या की देवळामागं ढीग पेटायचा आणि काळा धूर प्रार्थनेच्या वेळेपर्यंत मांडवावर रेंगाळायचा. आम्ही त्या धुरात बसून ग्रामआरोग्याचा अध्याय वाचायचो. कोणाला काही वाटलं नाही, मला तर नाहीच.

मग २०१८ उजाडलं. २३ मार्चला सरकारची अधिसूचना निघाली, प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटं बंद. जूनपासून दंड सुरू. माझ्या माळ्यावर तीन पोती माल पडून होता. त्या डिसेंबरात मंडळानं पत्रावळी करायचं ठरवलं, पण टाचायची सवय सुटलेली. दोन पंगतींतच पत्रावळी संपल्या. तिसरी पंगत बसलेली, वाढपी थांबलेले. मी धावत जाऊन एक पोतं घेऊन आलो. पैसे घेणार नव्हतो, हे खरं. पण माल खपतोय याचा आनंदही झाला होता, हेही तितकंच खरं.

पोतं फोडलं. ताटं वाटत वाटत मी दादाजींपर्यंत आलो. ते तिसऱ्याच पंगतीला बसत, नेहमी. त्यांनी ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ओंजळ पुढं केली. वाढप्याला म्हणाले, "इथं दे." रोडगा हातावर घेतला, कुस्करला. वरण स्वतःच्या गडव्यात घेतलं. शेजारच्यानंही ताट बाजूला सरकवलं. मग त्याच्या शेजारच्यानं. कोणी मला एक शब्द बोललं नाही. ती अख्खी ओळ हातावर जेवली, म्हाताऱ्यांच्या कोपरापर्यंत वरणाचे ओघळ आले, आणि मी हातात ताटांची चवड घेऊन उभा.

त्या रात्री 'सांगणं' होतं. ते दरवर्षीच असतं, वीस तारखेच्या रात्री, कीर्तनानंतर. आमच्या मंडळाचं खरं वैभव म्हणाल तर तेच. बाहेरून बोलावलेले कीर्तनकार चांगलेच असतात. एक जण तर थेट बाबांवरच कीर्तन करायला आले होते आणि समोर बंद बाटल्यांचं पाणी मांडून बसले होते, पण तो विषय सोडा. माझं मन त्या कीर्तनात नसतं. ते संपलं, पेटी झाकली, की माईक काढून ठेवतात. मग ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि वर्षभरात आपण गावाचं काय बिघडवलं ते सांगायचं. काय केलं ते नाही. काय बिघडवलं ते. उत्तर कोणी द्यायचं नाही, टाळी वाजवायची नाही. सांगून झालं की "जय गुरू" म्हणून खाली बसायचं.

माईक नसल्यामुळं लोक पुढं सरकून बसतात. एकानं सांगितलं, कापसाची पऱ्हाटी उपटून घरी जळणाला आणायचा कंटाळा केला, वावरातच पेटवली, बांधावरची निंबाची दोन रोपं होरपळली. एक मास्तर उठले आणि म्हणाले, शाळेत पाणी वाचवण्यावर निबंध लिहून घेतला, त्याच दिवशी घरची टाकी तासभर वाहिली. एका पोरानं सांगितलं की त्यानं शोषखड्ड्याचं मडकं फोडलं आणि मांजरीवर ढकललं. यावर हसू दाबताना लोकांच्या सतरंज्या हलल्या.

पण मी वाट पाहायचो ती बुढीमायची. ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. ती आधी बाबांच्या धर्तीवर सवाल टाकायची.

"देव कुठं राह्यते?"

लोक म्हणत, "देवळात."

"अन् देवळाच्या मागं काय हाये?"

यावर कोणी बोलायचं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

एका वर्षी तिनं सवाल टाकलेच नाहीत. उभी राहिली आणि म्हणाली, "सुनेनं लेकराचा डायपर देल्ला. उकिरड्यावर टाकू तं कुत्रे ओढते. म्या रातच्यानं नाल्यात फेकला. कोणं पाह्यलं नाही. पहाटं तुमच्यासंगं नाला झाडाले गेली. तं तो माह्याच खराट्याले लागला." एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "आता सांगा, तो देवानं धाडला का नाल्यानं?" आणि बसली. कोणी हसलं नाही. मला आजही ते आठवलं की गळ्याशी येतं, आणि नेमकं काय येतं ते सांगता येत नाही. डायपरचं काय करायचं याचं उत्तर आमच्या मंडळाजवळ अजून नाही. प्लास्टिक पोत्यात भरून भंगारवाल्याकडं जातं. हे जात नाही.

तर २०१८ च्या रात्री मी उभा राहिलो. चिटणीस असल्यानं तोवर कधी उभा राहिलो नव्हतो, नोंदी करायचो. तीन पोत्यांचं सांगितलं, आधीच्या सगळ्या वर्षांच्या धुराचंही सांगितलं, नफा किती झाला तेही सांगितलं. शेवटचं सांगायची गरज नव्हती, असं आमच्या घरून मत पडलं. दादाजी सतरंजीवर डोळे मिटून बसले होते. झोपले होते की ऐकत होते, मला कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानावर आले, पावशेर गूळ घेतला आणि म्हणाले, "लिहिलं का रजिस्टरात?"

लिहिलं होतं.

त्या वर्षापासून वैशाखात पत्रावळी टाचायला बाया आमच्याच पडवीत बसतात. द्रोण मात्र अजूनही गळतात. वरण द्रोणात टिकत नाही, म्हणून आपापली वाटी नि गडवा आणा, असं पत्रिकेवर छापतो. भांडी हापशीवर राखेनं घासतात आणि ते पाणी शोषखड्ड्यात जातं. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल, खाली मोठे दगड, वर बारीक, आणि तोंडाला भोकं पाडलेलं मडकं. देवळामागं जिथं ढीग पेटायचा तिथं आता खताचं नाडेप टाकं आहे. ही पद्धत आपल्या विदर्भातलीच, पुसदच्या पांढरीपांडे यांची, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, विटांच्या भिंतीला हवेसाठी भोकं. पत्रावळी, उष्टं, हारफुलं, पालापाचोळा यांचा थर, वर शेणकाला, वर माती, असं रचत जायचं आणि शेवटी लिंपून टाकायचं. शेण थोडकंच लागतं, आणि गावात जनावरं कमी झालीत, म्हणून तेच परवडतं. डिसेंबरात भरलं की चार महिन्यांत खत तयार. ३० एप्रिलला, महाराजांच्या ग्रामजयंतीला त्याचा लिलाव होतो. पहिल्या टोपल्याला दुकानात विकत मिळणाऱ्या खताच्या दुप्पट भाव येतो, कारण ते "महाप्रसादाचं खत". संत्र्याच्या बागवाल्यांत यावरून चुरस असते. एकानं मला गुपचूप दोन टोपले आधीच ठेवायला सांगितले होते. ठेवले नाहीत.

आता ज्यांच्या हातांवर हे उभं आहे ते. मांडव घालणारे, जे बांबू परत नेताना प्रत्येक खड्डा बुजवतात. आर लावणारे तिघं. वांगी देणारा माळी, जो वांगी मोजू देत नाही. पेटी वाजवणारे निवृत्त गुरुजी. सतरंज्या देणारं भजनी मंडळ. पळसाची पानं आणणारी पाड्यावरची पोरं. बुद्धविहाराच्या बाया. चाचा आणि त्यांचा नातू. रात्री लाईन गेली की खांबावर चढणारा वायरमन, ज्याची बदली झाली तरी सणाला येतो. भांडी घासणाऱ्या अकरा जणी (बारावी मीच लिहिली नाही, असं तिचं म्हणणं आहे, तर बारा). चपला ओळीत लावणारी चौथीची मुलं. ट्रॅक्टर देणारे, डिझेल स्वतःचं टाकणारे. २०२० साली मांडव नव्हता, तेव्हा अंतर ठेवून नाला झाडणारे आम्ही नऊ जण. त्या वर्षी रोडगे नव्हते, म्हणून दोन्ही नोंदी सारख्याच भरल्या.

बुढीमाय आता बसून असते, चालवत नाही. गेल्या वेळी तिला खुर्चीसकट मांडवात आणलं. आणणारे चौघं, तेही लिहून ठेवतो.

आणि हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या घरून विचारणा झाली, पहाटे चारला चूल पेटवून तीस जणांचं पाणी कोण तापवते, आणि चिटणीसाला कोण उठवते. तेही लिहिलं.